एप्रिलपुरतं ऊन

"या तर सगळ्या पिनच आहेत," असं म्हणत शेजारच्या बाई गुडघ्यावर हात टेकवून उठल्या. मार्च संपत आला होता, सकाळीच पाऊस पडून गेला होता, आणि आमच्या मागच्या बागेत भिंतीलगतच्या वाफ्यात प्रिमरोझ, इथलं फिकट पिवळं रानफूल, असा फुलला होता की पानं दिसेनाशी झाली होती. मी त्यांना मुद्दाम हाक मारून बोलावलं होतं, खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला. बाई ऐंशीच्या पुढच्या, जन्म इथल्याच, नैऋत्य इंग्लंडातल्या डेव्हन काउंटीतला, सगळी नोकरी प्राथमिक शाळेत झालेली. कौतुक त्यांनी केलंही. पण त्याआधी वाचायचा चष्मा लावून वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक ठोंबातलं एक-एक फूल वाकवून पाहिलं आणि मग निकाल दिला. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, त्या घरी गेल्या. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य रुतून बसलं.

प्रिमरोझचं फूल तोंडाशी निरखलं की दोनपैकी एक गोष्ट दिसते. एक तर पिवळ्या नळीच्या बरोबर मध्यभागी हिरवट गोल ठिपका असतो, टाचणीच्या डोक्याएवढा. ती कुक्षी, पराग झेलणारा भाग. हे फूल म्हणजे पिन. नाहीतर तो ठिपका नसतोच, त्या जागी पाच परागकोशांचं कडं नळीच्या तोंडाशी दाटीने उभं असतं. ती थ्रम. एका झाडाची सगळी फुलं एकाच प्रकारची. पिन तर पिन, थ्रम तर थ्रम. रानात साधारण निम्मी-निम्मी सापडतात. माझ्याकडे थ्रम औषधालाही नव्हती, आणि त्याचं कारण बाईंना चष्मा लावताच कळलं होतं. हा सगळा वाफा एकाच ठोंबातून आलेला. आम्ही हे घर घेतलं तेव्हा ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने दह्याच्या रिकाम्या डब्यातून एक ठोंब आणून दिला होता. दर दोन-तीन वर्षांनी मी तो फोडत गेले, लावत गेले. म्हणजे ज्याच्याकडे बघून मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खूश होत होते, ते मुळात एकच झाड होतं, स्वतःच्याच शेजारी पुन्हा पुन्हा येऊन बसलेलं.

हे कळल्यावर त्या खिडकीतून बघताना काही दिवस उगाच कसंनुसं व्हायचं.

आमच्या घराची मागची बाजू उत्तरेला आहे. घर दाखवणाऱ्या एजंटने हे सांगताना आवाज जरा खाली आणला होता, एखाद्या स्थळाचं वय सांगतात तसा. मला तेव्हा त्यात लपवण्यासारखं काय आहे तेच उमजलं नव्हतं. मी रत्नागिरीकडची. आमच्याकडे सावली ही मिळकत आहे. मे महिन्यात दुपारी आगरात, माडापोफळींच्या खाली, शिंपण्याच्या पाण्याने ओल्या झालेल्या मातीवर अनवाणी उभं राहायला मिळणं म्हणजे काय ते ज्याने अनुभवलंय त्याला घरामागची सावली हा दोष कसा वाटेल? पहिल्या हिवाळ्यात कळलं. आमचं शहर एक्झेटर जवळपास ५१ अंश उत्तरेला. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर येतो. त्याच दुपारी रत्नागिरीला तो ५० अंशांच्या आसपास असतो. १६ अंशांच्या सूर्याला आमचं छप्पर सहज पुरून उरतं. दिवाळीच्या सुमारास मागच्या बागेतून ऊन जातं, ते फेब्रुवारीत कुंपणाच्या वरच्या फळीवर चार बोटांची पट्टी होऊन परत दिसतं. मधल्या काळात फरश्यांवर शेवाळ, भिंतीवर शेवाळ, आणि दोरीवर घातलेला टॉवेल संध्याकाळी सकाळपेक्षा ओला. एप्रिलच्या मध्यावर मात्र इथला दुपारचा सूर्य बरोबर त्या ५० अंशांवर येतो. म्हणजे आमच्या गावचा डिसेंबर इथे एप्रिलात उगवतो. हे गणित सुटलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी लगेच आईला फोन केला. ती म्हणाली, "मग स्वेटर घाल हो."

नर्सरीतल्या पाटीवर प्रिमरोझपुढे 'सावलीसाठी' असं लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. हे झाड मूळचं पानगळीच्या रानातलं, हेझलच्या आणि ओकच्या खालचं. ही झाडं एप्रिल अखेरपर्यंत जवळजवळ उघडी असतात. जमिनीवर थेट ऊन पडतं, मऊ, तिरपं, भाजणारं नव्हे. प्रिमरोझ सगळा कारभार त्या अवधीत उरकून घेतो. मे महिन्यात डोक्यावरचं छत मिटलं की तो पानं मोठी करून, सुरकुतलेली आणि रुंद, गप्प बसून राहतो. त्याला सावली हवी असते ती उन्हाळ्यात, आणि तीही ओलसर. बारमाही सावली त्याला अजिबात चालत नाही. आमच्या कोपऱ्यात शेजारच्या लॉरेलची सदाहरित फांदी कुंपणावरून आत येते. तिच्याखाली मी लावलेला प्रत्येक तुकडा दुसऱ्या वर्षी आक्रसला, तिसऱ्या वर्षी दिसलाच नाही. दोन पावलांवर, हेझलच्या झुडपाखाली, तोच तुकडा ताटाएवढा झाला. सावली-सावलीत एवढा फरक असतो हे मला कोकणात कधी शिकावं लागलं नव्हतं. तिथे ऊन कुठून येईल याची काळजी कोणी करत नाही.

शहराबाहेर पडलं की गल्लीबोळांतून हे सगळं न शिकवता दिसतं. डेव्हनचे आतले रस्ते इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर एकाला फर्लांगभर मागे जावं लागतं. दोन्ही बाजूंना डोक्याइतके उंच बांध. माती, तिला दगडांची तोंडं बसवलेली, आणि वर हेझल, हॉथॉर्नची वई. पहिल्यांदा तशा रस्त्यात शिरलो तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, गाडी थांबव, ही आपली पाणंद आहे. फक्त जांभ्याचा गडगा नव्हता. मातीसुद्धा लालच. आपली जांभ्यामुळे लाल, यांची कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे वाळवंट होतं त्या खडकांमुळे. मार्च सुरू झाला की या बांधांवर, पायथ्यापासून वरपर्यंत, ओलसर शेवाळातून फिकट पिवळे पुंजके फुटतात. २००२ साली ब्रिटनमधल्या प्रत्येक काउंटीसाठी एकेक फूल निवडायला लोकांना सांगितलं, तेव्हा डेव्हनने प्रिमरोझ निवडला. दुसरं काय निवडणार होते? जूनमध्ये त्याच बांधावरून जा, नेचे आणि खाजकुयलीची आठवण करून देणारी नेटल्स कमरेपर्यंत आलेली असतात, आणि खाली प्रिमरोझ आहे याची शपथ घ्यावी लागते.

आई आली ती एप्रिलात. त्या वर्षी पाडवाही एप्रिलात होता. तिने बॅग उघडायच्या आधी मागचं दार उघडून बाग बघितली, चपला बदलल्या, वाफ्यापाशी जाऊन ओणवी झाली आणि एका फुलाला नाक लावलं. "वास नाही गो याला." माझ्या सगळ्या मेहनतीवर एका वाक्यात पाणी. तिच्या लेखी फुलाला रंग, आकार या पुढच्या गोष्टी, आधी वास. मी म्हटलं, तुझ्या अबोलीला तरी कुठे असतो? त्यावर ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी, वाफ्यावर तासभर ऊन आल्यावर, परत ओणवी झाली आणि म्हणाली, आहे, थोडा आहे. खरंच असतो. ऊन लागल्यावर, खूप जवळ गेल्यावर, मधासारखा नव्हे आणि गवतासारखाही नव्हे असा काहीतरी अर्धवट वास.

पाडव्याची गुढी उभी करायला काठी होती, रेशमी खण होता, आईने कापूस गुंडाळून आणलेला चांदीचा गडू होता. माळ कशाची करायची? झेंडू सप्टेंबरात मिळतो तो नाही, कडुनिंबाचा तर प्रश्नच नाही. प्रिमरोझचा देठ बोटभर, लोकरीसारखा केसाळ, आणि गुलाबीसर; ओवायला अगदीच कुचकामी. आईने एक फूल उचललं, हिरव्या पेल्यातून पिवळा भाग हलकेच ओढला. तो नळीसकट अखंड सुटून आला. तिने माझ्याकडे पाहिलं. अबोलीचं फूल असंच सुटून येतं, आणि मग नळीशी दोऱ्याने बांधत जातात. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिने शिवणकामाचा पांढरा दोरा घेतला, दोन फुलं इकडे तोंड करून, दोन तिकडे, एक वेढा, एक गाठ. तिची बोटं इतकी भराभर चालली होती की मला मधली गाठ कधी पडते ते शेवटपर्यंत दिसलं नाही. वीतभर वळेसर झाला. फिका, गारठलेला पिवळा. गुढीवर तो दुपारपर्यंत टिकला आणि मग कागदासारखा मऊ पडला. "नाजूक आहे," आई म्हणाली. हा शब्द ती माणसांबद्दल कौतुकाने वापरत नाही, फुलांबद्दल वापरते की नाही ते कळलं नाही.

जानेवारीत इथल्या सुपरमार्केटच्या दारात ट्रॉल्या भरून प्रिमरोझ येतात. जांभळे, शेंदरी, निळे, मध्ये पिवळा डोळा. पानांपेक्षा फुलं मोठी. त्यांच्यावर माझा राग नाही, अंधाऱ्या जानेवारीत कोणीही घ्यावेत असेच दिसतात. पण काचघरात वाढवून घाईघाईने फुलवलेली ती रोपं बाहेर लावली की पहिल्या कडक थंडीत नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात बहुतेक वेळा जातात. टिकाऊपणा हवा तर हा साधा, फिका प्रिमरोझच. बर्फाखाली दबला, वर आला, फुलला, त्याला त्याचं काही विशेष वाटत नाही.

या भोळ्या फुलाचा राजकारणाशी संबंध आहे हे मला बाईंनीच सांगितलं. १९ एप्रिल १८८१ ला ब्रिटनचा माजी पंतप्रधान बेंजामिन डिझरायली वारला आणि व्हिक्टोरिया राणीने त्याच्या अंत्यविधीला प्रिमरोझचं चक्र पाठवलं, 'त्याची आवडती फुलं' अशा चिठ्ठीसह. मग १९ एप्रिल हा प्रिमरोझ डे झाला, लोक कोटाला हे फूल लावून हिंडू लागले, १८८३ मध्ये त्याच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या पाठीराख्यांची प्रिमरोझ लीग निघाली. बाई हे सांगत होत्या तेव्हा मला आठवत होतं की याच डिझरायलीने १८७६ साली कायदा करून राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी केलं, आणि १ जानेवारी १८७७ ला त्याचा दरबार दिल्लीत भरला तेव्हा आपल्याकडे दख्खनात दुष्काळाने माणसं मरत होती. मी बोलले नाही. चहाच्या वेळी काय काय काढायचं? पण त्यानंतर १९ एप्रिलला वाफ्याकडे बघताना ते दोन्ही मनात येतं, आणि फुलाचा काही दोष नाही हे स्वतःला सांगावं लागतं.

आता कामाचं. ठोंब फोडायचा तो फुलं ओसरल्याबरोबर, मे महिन्यात, ढगाळ दिवस बघून. फोर्कने सगळा उचलायचा, माती झटकायची, आणि बादलीभर पाण्यात बुडवून ठेवायचा. सुरीची गरज पडत नाही. दोन्ही अंगठे मध्ये घालून हलकेच ताणलं की ठोंब आपणच कुठे सुटायचं ते सांगतो. प्रत्येक फण्याला त्याची पांढरट, जाड मुळं घेऊन तो बाजूला होतो. मुळांना मला बडीशेपेसारखा वास येतो. आईला तो आवडला असता, पण ती मेपर्यंत थांबली नाही. मुळं वीतभर ठेवून बाकीची कापायची, मोठी पानं निम्मी छाटायची, आणि लावताना खाली मूठभर पातेऱ्याचं खत. पातेरा मी ऑक्टोबरमध्ये गोळा करते, काळ्या पिशव्यांत भरते, भोकं पाडते आणि शेडच्या मागे दोन वर्षं विसरून जाते. बाबा असते तर म्हणाले असते, जाळ की. आमच्याकडे पातेरा म्हणजे भाजावळीचं सामान, जून येण्याआधी तरव्यावर पसरून पेटवायचा. इथे तो हळूहळू काळा, भुसभुशीत होऊ द्यायचा, पिशवी उघडल्यावर पावसाळ्याच्या सुरुवातीचा वास येतो.

शत्रू आहेतच. गोगलगायी पानं कुरतडतात, चिमण्या का कोण जाणे नुसती फुलं तोडून टाकतात, खात नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे व्हाइन वीव्हिल नावाचा भुंगेरा. वरून झाड ठणठणीत दिसतं, एक दिवस हात लावावा तर अख्खं हातात येतं, मुळांशिवाय. खाली मातीत हुमणीसारख्या, पण तांदळाच्या दाण्याहून थोड्याच मोठ्या, वाकड्या पांढऱ्या अळ्या. आणि २०२२ चा जुलै. त्या महिन्यात इंग्लंडमध्ये पहिल्यांदा ४० अंशांच्या वर पारा गेला. आम्हा कोकणवाल्यांना लोक विचारत होते, तुम्हाला काय, सवय असेल. आम्हीही पडदे लावून पंख्यासमोर बसलो होतो. वाफ्यात पानं फडक्यासारखी जमिनीला चिकटली. मला वाटलं, गेले. सप्टेंबरच्या पावसानंतर मध्यातून चिमूटभर हिरवे कोंब आले. उत्तरेच्या भिंतीनेच वाचवलं त्यांना. एजंटने आवाज खाली आणला होता तीच भिंत.

पण फोडून लावणं म्हणजे पुन्हा त्याच पिना. बाईंच्या वाक्याचा अर्थ नीट लावायला मी डार्विनपर्यंत गेले. १८६२ साली छापलेल्या निबंधात त्याने हे कोडं सोडवलं. केंटमधल्या आपल्या घरी त्याने रोपांवर जाळी टाकून किड्यांची ये-जा बंद केली, हाताने पराग लावले आणि बिया मोजल्या. पिनमध्ये कुक्षी वर, परागकोश नळीच्या मध्यावर. थ्रममध्ये नेमकं उलट. लांब सोंडेचा किडा पिनमध्ये सोंड घालतो तेव्हा पराग सोंडेच्या अशा जागी चिकटतात की पुढच्या थ्रमच्या कुक्षीला ते अचूक भिडावेत. आणि थ्रमचे पराग सोंडेच्या मुळाशी बसतात, पिनच्या कुक्षीच्या उंचीला. पिनवर पिनचे पराग पडले तर बी फारच थोडं धरतं. फुलाने आपल्याच सख्ख्यांशी सोयरीक टाळायला केलेली ही व्यवस्था. म्हाताऱ्या डार्विनने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की या फुलांच्या रचनेचा अर्थ लागला तेव्हा झालेलं समाधान त्याला शास्त्रातल्या दुसऱ्या कशात क्वचितच मिळालं. आपल्याकडे सगोत्र लग्नाचा विषय निघाला की आई जो चेहरा करते तो मला आठवला.

म्हणजे मला थ्रम हवी होती. गल्लीत हजारो. पण १९८१ च्या कायद्याने जमिनीच्या मालकाच्या परवानगीशिवाय रानातलं कुठलंही झाड मुळासकट उपटणं गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी तो बांध बोडका करायला हात धजावला नसता. मग मी नर्सऱ्या पालथ्या घातल्या. ट्रेमधल्या एकेका फुलात डोकावून बघणारी बाई पाहून एका मुलाने मला विचारलं, काही हरवलंय का. एका नर्सरीत मला वेगळीच ओळखीची निघाली: ड्रमस्टिक प्रिम्युला, काठीवर जांभळट चेंडू. तिला मी पुण्यात राहत असताना उत्तराखंडात चोपता-तुंगनाथच्या वाटेवर पाहिलं होतं, बर्फ वितळलेल्या चिखलात, शेकड्यांनी. तिथे तिच्यावरून पाय टाकत गेलो होतो, इथे पाच पौंड. घेतली नाही, थोडा वेळ कुंडीशी उभी राहिले मात्र. अमेरिकेतल्या फ्लॉरेन्स बेलिस या बाईंबद्दलही त्याच काळात वाचलं. १९३० च्या दशकातल्या मंदीत, ओरेगनमधल्या एका कोठारात राहून, त्यांनी एकेका फुलाचं परागीकरण हाताने करत प्रिमरोझचे वाण घडवले. 'बार्नहेवन' हे नाव आजही चालू आहे, आता फ्रान्समधून. मी एवढी सोशिक नाही. मी थ्रमची तीन रोपं आणून पिनांच्या मध्ये खुपसली आणि किड्यांवर सोपवलं.

किडा आलाही. बी-फ्लाय. तपकिरी, केसाळ, मधमाशीसारखी दिसणारी पण माशीच. पुढे सुईसारखी ताठ सोंड, जी मिटत नाही. ती फुलासमोर हवेत स्थिर राहते, पुढचे पाय पाकळीला नुसते टेकवते आणि सोंड नळीत घालते. पंखांचा आवाज बारीक, चिडका. दुपारच्या त्या तासाभराच्या उन्हातच ती येते. ऊन भिंतीआड गेलं की ती गेली. मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसून असायचे. एका फुलातून दुसऱ्यात, पिनमधून थ्रममध्ये, आणि मी मनात मार्क देत होते.

फूल संपल्यावर प्रिमरोझचा देठ खाली वळतो आणि बोंड मातीवर टेकवतो. अबोलीचं कणीस वाळून त्यावर पावसाचा थेंब पडला की टाचकन फुटतं आणि बी लांब उडतं. लहानपणी आम्ही ती कणसं तोंडात धरून थुंकी लावून फोडायचो. हे झाड उडवाउडवीतलं नाही. याच्या बियांना एक तेलकट, पांढुरका कण चिकटलेला असतो, त्यासाठी मुंग्या त्या उचलून नेतात आणि कण खाऊन बी टाकून देतात. म्हणून नवी रोपं वाफ्यात येतच नाहीत. ती येतात फरश्यांच्या फटीत, पायरीच्या बुडाशी, ड्रेनच्या जाळीशेजारी, जिथे मुंगीचं घर असेल तिथे. बी ताजं असतानाच पडलं आणि हिवाळ्याची थंडी खाल्ली की वसंतात उगवतं. पहिली पानं राईच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. मी तण समजून काही उपटलीही असतील.

त्यातलं मागच्या दाराच्या पायरीपाशी आलेलं एक यंदा फुललं, आणि फुललं ते गुलाबी. मळकट गुलाबी, कडेला पिवळट, धुण्यात रंग लागलेल्या ओढणीसारखं. बाईंना दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. उपटून टाक म्हणाल्या. बागेतल्या रंगीत जातींचे पराग असे पसरत गेले तर उद्या गल्लीतल्या बांधावर गुलाबी प्रिमरोझ दिसतील, दिसायलाही लागलेत काही ठिकाणी. त्यांचं म्हणणं खरं आहे, मला पटतंही. पण हा रंग आला कुठून? आमच्या रस्त्यावर लाल पॉलिअँथस, प्रिमरोझच्याच नात्यातली बागेतली जात, एकाच घरापुढे आहेत, बाईंच्या. मी तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ते तर कुंडीत आहेत. जणू माशी कुंडी बघून मागे फिरते. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिला ते वाफ्यातल्या सगळ्यांपेक्षा आवडलं. देवाला हे शोभेल, असली अजून कर, म्हणाली. मी ते ठेवलंय, आणि बोंडं पिकायच्या आधी खुडून टाकते. बाईंना हे पुरेसं वाटत नाही, आणि आईला त्या बोंडांचं वाईट वाटतं.